आवाज आधी, माणूस मग

पूर्व विदर्भातल्या, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी अर्धं आयुष्य खलनायक झालो. मिशी नकली, शिव्या अस्सल. माझ्या हातचा मार खाणारा विनोदी नट माझा शेजारी होता. त्याची एंट्री ठरलेली: आधी पडद्यामागून आवाज, मग माणूस. आवाज आला की गाव सावली असो नाहीतर राजुरा, मंडप टाळ्यांनी हलायचा. तो मात्र मागे निवांत चहा संपवून यायचा आणि मी हंटर उगारून ताटकळत असे.

मग दिवसभर चघळलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याचा गळा धरला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जायच्या आत तो लोकांकडे ठेवून जायचं त्यानं मनावर घेतलं. अंगणात मोबाइल उभा केला, जुने प्रसंग एकट्यानं बोलून यूट्यूबवर टाकले. पुतणीनं बजावलं, आता सबस्क्रायबर पाहिजेत. त्यानं मला विचारलं, "सबस्क्रायबर म्हंजे का असते बे? तिकीटवाला?"

"नाई. तिकीटवाला एका खेळापुरता. हा म्हन्ते, तू कवाबी ये, आला का मले सांगजो."

"असं तं माही बायकोबी नाई म्हनत."

बायको आतून ऐकत होती. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला.

आमच्याकडे कुणाला हातभार लावायचा तर घरी जाऊन लावतात. लोक मोबाइल घेऊन त्याच्या अंगणात येऊ लागले. त्याच्या देखत बटण दाबायचं, दाबलेलं दाखवायचं, मगच उठायचं. एक म्हातारी तर मोबाइलशिवायच आली आणि म्हणाली, "माहंबी लाव." त्यानं गंभीरपणे स्वतःच्या मोबाइलवर बोट टेकवलं. "लावलं, बाई." हे मी ऐकलेलं त्याचं शेवटचं वाक्य.

ऑपरेशननंतर तो कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून असे. एका दुपारी मला खुणेनं बोलावून त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलेला मोबाइल माझ्या हातात दिला आणि दाराआड गेला. बराच वेळ समोर फक्त रिकामं अंगण. मग तो आला. तीच तिरकी चाल, तेच धोतर सावरणं. माझ्याशिवाय त्यानं माझा मार खाल्ला, कोलमडला, उठला, वाकून नमस्कार केला. हंटराच्या सवयीनं माझा मोबाइलचा हात उगारला गेला; चित्रात ते दिसतं.

तेही त्यानं यूट्यूबवर टाकलं. खाली लोकांनी लिहिलं, "भाऊ, आवाज नाई येऊन राह्यला." कुणी लिहिलं, "माहाच मोबाइल बिघडला का?" ते वाचून तो खांदे हलवत हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, खरं काय ते खाली लिहून टाकू का? त्यानं हात आडवा केला.

उन्हाळ्यात तो गेला. सबस्क्रायबर आहेत तिथेच आहेत. परवा सिरोंच्याकडच्या कुणीतरी लिहिलंय, "भाऊ, रिकामं अंगन दिसते तवा तुमचा आवाज पाहिजे होता. पुन्हा टाका ना."

मी उत्तर लिहायला घेतलं होतं. मग त्याचा आडवा हात आठवला आणि मोबाइल उपडा ठेवला.