सोबतीचे पाच गुण

घरात रंगीत टीव्ही आला त्याच वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. टीव्ही बघायला अख्खा मजला जमला होता. साखरेचं ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुका खंयची साखर? तू कधी गोड तरी बोललंस?"

डॉक्टरांनी रोज पाऊण तास भरभर चालायला सांगितलं. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो: सासूबाई, नवरा, धाकटा दीर, आमची तीन मुलं आणि मी. पहाटे पाणी भरून झालं की मी चपला सरकवायची आणि मिठागरांच्या बाजूला निघायची. तिकडे तेव्हा वस्ती विरळ होती. बांधावरून सरळ जायचं, दोन्हीकडे उथळ पाणी, पुढे मिठाचे ढीग, तिथून परत फिरायचं. बघण्यासारखं काही नव्हतं. पण तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्या चौदा वर्षांत मी पहिल्यांदा एकटी होते. साखर झाली म्हणून मला मनातून बरं वाटलं. हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

हे सुख सोळा दिवस टिकलं. सतराव्या दिवशी सासूबाई दारात उभ्या.

"खंय चललंस गो? बायलमाणसान एकट्यान त्या बांधार फिराचा नाय. सोबत घेवन जा."

नवऱ्याने अंथरुणातूनच "आई बरोबर बोलते" असा निकाल दिला आणि शेजारी झोपलेल्या भावाला लाथ मारून उठवलं.

सोबत या शब्दाला आमच्या घरात एकच अर्थ होता. बाई कुठे जाते, कोणाशी बोलते, किती वाजता परत येते यावर नजर ठेवणारा माणूस म्हणजे सोबत. माहेरी जाताना सोबत, दात काढायला जाताना सोबत. ती सोबत कितीही बिनकामाची चालायची, फक्त पुरुष असला म्हणजे झालं.

माझी सोबत सव्वीस वर्षांची होती आणि कुठल्याच नोकरीत टिकत नव्हती. दीर माझ्या मागे दहा पावलांवर चपला घासत यायचा. "वहिनी, हळू ना यार, रेस लागलीय काय?" विडी संपली की त्याचा जीव चहाच्या टपरीत अडकायचा, मग अर्ध्या वाटेवरूनच "चला, बस झालं." मिठाचे ढीग मला दिसेनासे झाले. घरी आल्यावर वाटेत कोण भेटलं, मी कोणाशी हसले, याची खबर चहाबरोबर सासूबाईंना पोचायची. मला त्याचा राग येत नव्हता, तिटकारा यायचा. पाठीमागे त्या घासणाऱ्या चपला ऐकल्या की दात आवळले जायचे.

त्याच सुमाराला इस्पितळाच्या साखरेच्या ओपीडीत एक मुलगी बसायला लागली. मानसशास्त्र शिकत होती. साखरेची माणसं रोज चालतात की नाही, चालण्यामागे त्यांचं मन काय म्हणतं आणि घरचे किती पाठीशी उभे राहतात, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद होते आणि एकपासून पाचपर्यंत आकडे. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी.

पहिल्या कागदावर प्रेरणा. चालण्यामागे आपली प्रेरणा कोणती? आरोग्य, डॉक्टरांचा सल्ला, वजन, कुटुंबाची इच्छा, इतर. मी 'इतर'पुढे सांगितलं, "तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही."

"हे कुठल्या रकान्यात बसवू, ताई?" तिने जरा विचार केला आणि 'आरोग्य'वर खूण केली.

दुसरा कागद आधाराचा. गेल्या आठवड्यात घरातील व्यक्तीने चालताना आपणांस किती दिवस सोबत केली?

"साती दिवस," मी म्हणाले.

चालायला जाण्याची आठवण घरचे करून देतात का? दीर रोज दारातून ओरडायचा, "वहिनी, जायचं तर आटपा, मला परत झोपायचंय." म्हणजे नेहमी. आपल्या चालण्याविषयी घरी चौकशी होते का? मला हसूच आलं. चौकशी! कुठवर गेलीस, कोण भेटलं, सात मिनिटं उशीर कसा झाला? रोज होते चौकशी. मुलीने पाचाला गोल केला. सगळीकडे पाच.

"ताई, किती नशीबवान आहात!" ती म्हणाली. "एवढा आधार इथे कोणालाच नाही."

मी तोंड उघडलं. पण सोबत शेजारच्या खुर्चीवर बसली होती, कान देऊन. मी तोंड मिटलं.

डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून त्याची पाठ थोपटली. आमचे हे घरी आले ते छाती फुगवूनच. मजल्यावर प्रत्येकाला सांगून झालं, "इस्पितळात आमचा पहिला नंबर. बायकोला आधार लागतो, बाबा!" मी आत भाकऱ्या थापत होते. त्या दिवशी एक भाकरी अशी थापली की तिचे दोन तुकडे झाले.

तीन महिन्यांनी तेच कागद परत आले. साखर होती तिथेच होती, कारण टपरीपर्यंत चालून ती उतरत नसते. नशिबाने दीर चहा प्यायला बाहेर गेला होता. मी पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि आधाराच्या कागदावर वरपासून खालपर्यंत एकाला गोल केला. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही.

मुलगी घाबरली. "ताई, घरी काही झालं का?"

"काही नाही झालं. मला एकटीला चालायचंय. ते लिही."

"पण त्यासाठी प्रश्नच नाहीये."

खरंच नव्हता. ज्याने कोणी ते कागद बनवले त्याच्या डोक्यात हे आलंच नसणार, की एखाद्या बाईला आधार म्हणजे तिला सोडून देणं. मुलीने प्रामाणिकपणे आपलं काम केलं. आधार फार खालावला आहे, असं तिने डॉक्टरांना कळवलं आणि डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून घेतलं.

"सगळ्यांसमोर माझी वाट लावलीस," नवरा घरी येऊन ओरडला. "मी आधार देत नाही? मी? उद्यापासून बघ."

दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे नवे बूट घालून तो स्वतः निघाला. दीर निदान दहा पावलं मागे असायचा. नवरा खांद्याला खांदा लावून चालायचा आणि सगळा वेळ बोलायचा. आज भाजी कसली, मामाच्या मुलीच्या लग्नात साडी कुठली नेसणार, एवढी पळतेस कशाला, लोक बघतात. मी गप्प राहिले की, "बोल ना, तुझ्यासाठीच आलोय ना मी?" ज्या दिवशी त्याला झोप आवरायची नाही आणि दीरही उठायचा नाही, त्या दिवशी सासूबाई म्हणायच्या, "आज रवांदे." आणि राहायचंच.

एका पहाटे मी पाणी भरलं. दाराशी त्याचे बूट होते. त्यांच्याकडे बघितलं आणि माझी पावलं स्टोव्हकडे वळली. मिठागर मी तिथेच सोडलं. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय गं, आज नाही का?" नंतर ते विचारणंही थांबलं. सगळ्यांची झोप पूर्ण व्हायला लागली.

त्यानंतरच्या खेपेला साखर इतकी वाढलेली की डॉक्टर इंजेक्शनचं बोलायला लागले. मुलीकडे आता तिसरा कागद होता, चालणं बंद केलेल्यांसाठी. बंद करण्याचे कारण: वेळ नाही, पाय दुखतात, कंटाळा येतो, सोबत नाही. चारांतलं एक निवडायचं.

तिने माझ्या मागच्या कागदावरचे एकावरचे गोल बघितले आणि हळहळून म्हणाली, "सोबत नाही. हेच ना, ताई?" मी उत्तर द्यायच्या आत तिने खूणही केली.

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीतला 'नाही' खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला. मग तिच्याकडे सरकवला.

तिने उरलेला शब्द बोट ठेवून वाचला, "सोबत." दाराबाहेर बाकावरून नवऱ्याने हाक मारली, "अगं, झालं का?"