गळ्यातलं टोकन

पॅकहाउसच्या दारात एका गोऱ्या बाईचं चित्र लावलेलं होतं. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, तोंडभर हसू. मावशी रोज सकाळी त्या चित्रापुढे उभी राहायची, आपल्या कपाळाची टिकली काढायची आणि त्या बाईच्या कपाळावर अंगठ्याने दाबून चिकटवायची. "धर गं बाई, संध्याकाळपत्तुर तूच सवाष्ण," असं म्हणायची आणि आत शिरायची.

द्राक्षाचं पॅकिंग तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. ओझरच्या पुढे रस्त्याकडेला पत्र्याची मोठाली गोदामं आहेत. आत गार हवा सोडलेली असते. लांब टेबलाशी आम्ही बायका दिवसभर उभ्या राहतो, कात्रीने घडातले खराब मणी काढतो आणि चांगला घड डब्यात बसवतो. माल परदेशी जातो, म्हणून अंगावर काही चालत नाही. बांगडी नाही, टिकली नाही, गळ्यातलं नाही. सगळं दारात उतरवायचं आणि रुमालात बांधून ठेवायचं. मावशी म्हणायची, "आमचं काळं मणी भायेर आन ह्यांचं हिरवं मणी आत."

ती पेठकडची, डोंगरातली. भात-नागली घरात आली की तिकडच्या बायकांना आणायला जीप जायची आणि हंगामभर त्या गोदामामागच्या शेडमध्ये राहायच्या. मी इथलीच, चालत यायचे. टेबलाला ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची. मी कमी बोलते. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "तुझं तोंड हाय का सील मारलेला डबा? उघडत जा मधनंमधनं, आतला माल नासंल."

आमचा मॅनेजर उठताबसता एकच शब्द वापरायचा, हायजीन. शिंक आली तर हायजीन, केस दिसला तर हायजीन, दोघी हसल्या तरी हायजीन. मावशीने एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "पाटलाची ती पाटलीण, सुताराची ती सुतारीण. मंग ही हायजीण कुणाची गं?"

"हायजाची!" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

झालं. त्या दिवसापासून मॅनेजरचं नाव हायजा पडलं. एकदा तो जवळून जाताना कुजबुज झाली, "हायजा आला, हायजा आला." त्याला वाटलं बायका आपल्याला हाय करतात. त्यानेही हात हलवला. आम्ही द्राक्षांत तोंड घालून हसलो.

त्या माणसाबद्दल मला चांगलं काही आठवत नाही. आठवायचा प्रयत्नही मी केलेला नाही. काचेच्या केबिनमध्ये बसून तो आमच्या पाठी मोजायचा. केबिनमागे त्याला स्वतःचं संडास होतं, टाइल्स लावलेलं. आमचं बाहेर, हमालांच्या पुढून जावं लागे. तरी जाता येत होतं. मग एके दिवशी त्याने टोकन काढलं.

तळहाताएवढी लाल प्लास्टिकची पाटी आणि तिला दोरी. एका टेबलाला एकच पाटी. जिला जायचं तिने केबिनमध्ये जाऊन मागायची, गळ्यात घालायची, जाऊन यायचं आणि परत द्यायची. एक बाई आली की मगच दुसरी. बायका घोळक्याने जातात आणि गप्पा मारत बसतात, असं त्याचं म्हणणं. ती पाटी गळ्यात घालून निघालं की हमाल ओरडायचे, "लाल दिवा लागला रे!" मान खाली घालून मी ते अंतर कसं कापायचे ते माझं मला माहीत.

पहिल्या दिवशी मावशीने ती पाटी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, "सायेब, नवऱ्यानं घातलेलं गळ्यातलं तुमी काढाय लावलं. आन आता हे तुमी घालताय व्हय?"

अख्खं गोदाम हसलं. हायजाचे कान लाल झाले. "मावशी, समजून घ्या. मला वरून प्रेशर आहे."

"तुमाला वरनं हाय, आमाला खालनं हाय."

हसण्यापुरतं हसलो, पण पाटी राहिली. मग बायकांनी आपणच उपाय काढला. पाणी प्यायचं सोडलं. सकाळी घोटभर, मग थेट संध्याकाळी. तशात मावशीला उन्हाळी लागली. ती सांगणारी नव्हे. पण तिची बडबड बंद झाली. ती टेबलाची कड धरून उभी राहू लागली, कात्री हातात तशीच, ओठ दाताखाली. जाऊन आली की चेहरा पांढराफटक व्हायचा.

मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "आग होती गं. डाक्टरीण म्हणली, भरपूर पाणी पी आन धरून ठेवू नको. मी म्हणलं, माज्याकडं तर हाय पाणी. तू टोकन दे."

मग माझा नंबर आला की मी पाटी आणून तिच्या हातात ठेवायचे. ती पाटी घालायची आणि जायची. पण एकाच बाईच्या गळ्यात पाटी सारखी दिसायला लागली, तसं हायजाने तिला बोलावून घेतलं. "तब्येत बरी नसेल तर घरी आराम करा. पुढच्या वर्षी बघू." तेव्हापासून तीही पुन्हा पाणी पिईना. वर्षभराचं मीठ-तेल ह्या हंगामावर चालायचं. पुढच्या साली जीप आपल्या पाड्याशी थांबली नाही तर काय, ही एकच भीती मी तिच्या तोंडून ऐकली.

मग तपासणीचे पाहुणे येणार म्हणून धावपळ उडाली. संडास धुतलं, साबण ठेवला, नवा टॉवेल टांगला. पाट्या गायब. हायजाने सगळ्यांना पढवलं, "विचारलं तर सांगायचं, कधीही जाता येतं." मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही आज शांत राहा. पुढच्या वर्षी जीप तुमच्या दारात पाठवतो." तरी त्याला भरवसा नव्हता. तिला बोलता येतं म्हणून आणि मला बोलता येत नाही म्हणून, आम्हा दोघींना त्याने मागच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी घडायला बसवलं.

पाहुणे नेमके तिथेच आले. एक गोरा साहेब आणि मराठी बोलणारी एक मॅडम. मागे हायजा, हात जोडून, मान हलवत.

मॅडमने विचारलं, "मावशी, टॉयलेटला हवं तेव्हा जाता येतं ना?"

मावशीने खोक्याची घडी पुरी केली. म्हणाली, "आज येतंय."

"आज म्हणजे?"

"आज तुमी आलात. साबन बी आलाय. उद्या या. न सांगता या."

मॅडमने साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. साहेब हसला आणि त्याने आम्हाला अंगठा दाखवला.

काही दिवसांनी हायजाने सगळ्यांना गोळा केलं. "तुमची तक्रार वर गेली होती. कंपनीने सुधारणा केली आहे." त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. सुधारणा अशी की आता टेबलाला दोन टोकनं. नवी, हिरवी, जाड दोरीची.

मावशीने कात्री खाली ठेवली. मोजे काढले. आणि काही न मागता चालू लागली.

"मावशी, टोकन!"

ती टेबलाच्या कडेने सरळ निघाली.

"मावशी, टोकन घ्या! रूल आहे!"

ती हमालांच्या पुढून गेली. त्या दिवशी लाल दिवा म्हणून कोणी ओरडलं नाही. आत जाऊन तिने कडी लावली. आम्हा सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या होत्या. तिने घाई केली नाही. बाहेर येऊन साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. हायजा समोर उभाच होता.

"सामान घ्या. उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? आत्ताच जाती."

माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नीट ऱ्हा गं." एवढंच.

पुढच्या हंगामात डोंगरातली जीप आली, तेव्हा मी एकेक तोंड पाहिलं. ती नव्हती. शेजारच्या पाड्याच्या बायकांनी सांगितलं, जीप तिच्या पाड्याशी थांबलीच नाही.

पण मला ती आठवते ती त्या दुपारची. माल चढवायच्या दारातून मला फाटक दिसत होतं. भर उन्हात, डोक्यावर बोचकं घेऊन ती फाटकाच्या मधोमध थांबली. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मान मागे टाकली आणि प्यायला लागली. समोरून कंटेनर आत यायचा होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. वॉचमन ओरडला. मावशीने एक हात वर करून गाडीला थांब म्हटलं, आणि बाटली रिकामी होईपर्यंत तो हात खाली घेतला नाही.