मागच्या दिव्याची अट

कुही तालुक्यातल्या निम्म्या गावांच्या विजेच्या खांबांवर रुपराव कधी ना कधी चढलेले. वादळात तार तुटली की लोक आधी रुपराव लाईनमनला हाक मारत आणि मग देवाला. अशा माणसाला निवृत्तीनंतर, नागपुरात नंदनवन वस्तीतल्या स्वतःच्या अंगणात, मोटरसायकलचा एक मागचा दिवा धड लावता येऊ नये, याला काय म्हणावं? समोरच्या घरातले मधुकरराव, जन्मभर पोस्टात नोकरी केलेले आणि आता दिवसभर फाटकाशी उभे राहून जगाची चौकशी करणारे, सकाळपासून जे म्हणायचं ते म्हणून घेत होते.

गाडी तशी वयस्कर. लांब पल्ल्याची, मागे टेकायला गादी, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे. दोस्तांच्या टोळक्याबरोबर रुपराव तिच्यावरून पचमढीला गेले, जगदलपूरला गेले, एकदा तर थेट समुद्र पाहून आले आणि पुढे वर्षभर गल्लीला त्या समुद्राशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. मागची गादी मात्र कोरी ती कोरीच. बायकोला, प्रयागबाईंना, ते दरवेळी विचारत आणि प्रयागबाई दरवेळी एक कारण पुढे करत. कधी पोरांच्या परीक्षा, कधी लोणच्याचे आंबे, कधी गुडघा. पोरं शिकून पुण्याला गेली, गुडघाही बरा झाला, तरी बाईंच्या पोतडीतली कारणं काही संपली नाहीत.

यंदा चिखलदऱ्याला जायचं ठरलं. प्रयागबाईंची थोरली बहीण यमुताई आपल्या जावयाच्या मोटारीतून जाणार होती आणि मोटारीत एक जागा मोकळी होती. रुपरावांनी तरी सवयीनं विचारून पाहिलं. प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतो मी तुमच्या मागं. पण पहिले तो मागचा लाईट सुधरवा. ट्रक मागूनच येते, अन मागं मी बसून राहीन. तुमचं काय, तुम्ही पुढं."

त्या एका 'येतो'वर रुपराव असे हरखले की विचारू नका. जुना दिवा तसाही कधी लागे, कधी रुसे. तो उपटून त्यांनी बाजारातून नवा, लांबट, तांबडाभडक एलईडी दिवा आणला. उद्या पहाटे निघायचं होतं. यमुताईंना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं की मोटारीतली जागा हवी की नको. म्हणजे रुपरावांच्या हातात हा एकच दिवस होता, आणि हा दिवस हुकला तर बाई पुन्हा कधी 'येतो' म्हणतील याचा भरवसा नव्हता.

दिवा बसला, वायरी जोडल्या गेल्या, चावी फिरली आणि अंगणात तमाशा सुरू झाला. ब्रेक दाबला की मागचा दिवा राहिला बाजूला, चारही इंडिकेटर मिणमिणत. उजवा इंडिकेटर लावला की डावाही त्याच्याबरोबर डोळे मिचकावी. हॉर्न तेवढा इमानदार होता.

"रुपराव, वरातीसाठी घेतली का गा गाडी?" मधुकररावांनी फाटकातून विचारलं.

रुपरावांनी ऐकलं न ऐकलं केलं. एक वायर सोडली, दुसरी जोडली. पण त्यांचं काम म्हणजे लाईनमनचं काम. वरचा सप्लाय बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय तारेला बोट लावायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. खांबावर चढताना सबस्टेशनमधून कोणीतरी 'बंद' म्हणून सांगावं लागे. इथे सबस्टेशन म्हणून प्रयागबाईंना स्टुलावर बसवलं होतं आणि गाडीची चावी त्यांच्या मुठीत दिली होती.

"सप्लाय बंद?" गाडीमागून आवाज येई.

"बंद."

"बंद म्हणजे बंद?"

"बंद म्हणजे बंद जी. चावी माझ्या हातात हाय."

"दाखव."

मग बाई चावी वर धरून दाखवत, रुपराव रबरी हातमोजे चढवत आणि मग कुठे ती वायर हलत असे. सगळी वीज ती केवढी, तर एका बॅटरीची. त्या बॅटरीनं मुंगीलाही झटका बसला नसता. मधुकररावांना हसता हसता खोकला लागला. शेवटी त्यांनी स्वतःच्या घरातून खुर्ची आणून फाटकात टाकली आणि ऐसपैस बसले. प्रयागबाईंनी त्यांना चहा दिला, कारण प्रेक्षक झाला तरी शेजारीच.

दुपार झाली. लाल वायर पिवळीच्या जागी आली, पिवळी लालच्या जागी. आता ब्रेक दाबला की स्पीडोमीटरमधला हिरवा दिवा लागू लागला. बाईंना हसू आवरेना. पदर तोंडावर धरून त्या स्टुलावर गदगदत होत्या, आणि हसता हसता मधूनच गप्प होऊन गाडीकडे एकटक बघत होत्या. हे रुपरावांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचं डोकं दिव्याच्या मागे अडकलं होतं.

मधुकररावांचं मत पडलं की दिवाच खराब आहे, परत करा. रुपरावांनी दिवा काढला, थेट बॅटरीला लावून पाहिला, तर तो असा लखलखला की मधुकररावांनी डोळ्यांवर हात घेतला. दिव्यात खोट नव्हती. वायरीही एकेक करून तपासून झाल्या. पुन्हा सगळं बसवलं, पुन्हा चावी फिरली, पुन्हा चारही इंडिकेटर मिणमिणले.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसे रुपराव जमिनीवर बसले. हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले. चेहरा असा उतरला होता की मधुकररावांनाही थट्टा सुचेना, ते खुर्ची उचलून हळूच घरी गेले.

"लाव यमुताईले फोन," रुपराव म्हणाले. "सांग, जागा ठेवा म्हणा."

प्रयागबाईंनी फोन हातात घेतला. पण लावला नाही. थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग काहीतरी कडू गिळल्यासारखं करून म्हणाल्या, "याचं अर्थिंग कुठं हाय जी?"

"बोल्टाले हाय. चांगलं आवळलं मी."

"अन बोल्ट?"

"मडगार्डच्या पट्टीले."

"अन त्या पट्टीले तुम्ही परवा काय मारलं?"

रुपरावांनी कूलरकडे पाहिलं. नागपुरात उन्हाळा तोंडावर आला की घरोघरी कूलर अंगणात निघतो. जुना गंज खरवडायचा, आतून बाहेरून रंग मारायचा, नवं वाळ्याचं गवत भरायचं. रुपरावांचा कूलर परवाच रंगवून झाला होता आणि तो कोपऱ्यात काळा कुळकुळीत उभा होता. डब्यात उरलेला रंग वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तो फाटकाच्या कडीला मारला, स्टुलाच्या पायांना मारला, आणि गंजेल बिचारी म्हणून गाडीच्या मागच्या पट्टीलाही दोन जाड हात दिले. त्याच रंगावर त्यांनी अर्थिंगची वायर आवळली होती. रंगातून वीज जाणार कशी? परतीची वाट मिळेना म्हणून ती बिचारी जो दिवा सापडेल त्यात शिरत होती. आणि ही चूक कोणी करावी, तर उभ्या हयातीत अर्थिंगवाचून कुठल्या तारेला हात न लावलेल्या माणसानं. घरात वॉशिंग मशीन आलं तेव्हा यांनीच बायकोला अर्थिंगवर तासभर व्याख्यान दिलं होतं.

सँडपेपर आला. बोल्टाखालचा रंग खरवडून पट्टी चकचकीत केली, वायर पुन्हा आवळली.

"सप्लाय चालू करू?" बाईंनी विचारलं.

"कर."

मागचा दिवा लागला. ब्रेक दाबला, तो भडकून तांबडा झाला. उजवा इंडिकेटर लावला, उजवाच लुकलुकला. रुपराव उठले आणि भर अंगणात, त्या वयात, त्यांनी गाडीभोवती चक्क दोन फेऱ्या मारल्या, हात वर करून. समोरून मधुकरराव टाळ्या वाजवत आले. प्रयागबाई ब्रेक दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

तेवढ्यात यमुताईंचाच फोन आला. बाईंनी तो उचलला. "नाही वं ताई, जागा नको ठेवू," त्या म्हणाल्या. "मी यांच्यासंग येतो." मग फोन ठेवला आणि स्टुलावर बसल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"काय झालं वं?"

"मले भेव वाटते जी. पहिल्यापासूनच वाटते. म्हणून तं अट घातली. म्हटलं, तुमच्यानं होत नाही हे."

रुपराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "मंग अर्थिंगचं सांगितलं काहून? चूप राहिली असती तं गेली असती ना मोटारीत."

"तुमचं तोंड पाहून राहिली होती ना मी," बाई म्हणाल्या. "पाहवलं नाही."

रुपराव बाईंशेजारी जमिनीवर बसले. "मले बी भेव वाटून राहिलं," ते म्हणाले. "आजवर मागं सामान राहत होतं."

पहाटे ते निघाले. प्रयागबाई दोन्ही हातांनी मागची सळई धरून, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसल्या. रुपरावांनी शहराच्या टोकाची वाडी येईपर्यंत गाडी अशी चालवली की दूधवाले सायकलींवरून पुढे निघून गेले. वाडी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, डाव्या हाताला संत्र्याची एक बाग लागली. रुपरावांच्या खांद्यावर आधी एक हात आला आणि मग, बऱ्याच वेळानं, दुसरा.

पुढे एका टपरीवर ते चहाला थांबले. रुपराव उतरले, हेल्मेट काढलं, बायकोला आधार द्यायला हात पुढे केला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"मी नाही उतरत," त्या म्हणाल्या. "उतरली, अन मंग चढली नाही तं? चहा इथंच आणा."

टपरीवाला बघत राहिला. रुपरावांनी कप नेऊन हातात दिला आणि गाडी नीट धरून उभे राहिले. हेल्मेटची काच वर करून, भल्या सकाळी, भर रस्त्यावर, प्रयागबाईंनी गादीवर बसल्या बसल्या पूर्ण कप संपवला. मग रिकामा कप नवऱ्याच्या हातात देत म्हणाल्या, "चला. चिखलदऱ्याच्या अल्याड आता कुठी थांबू नका."