स्कॉटलंडचा मागचा गडी

स्कॉटलंड हरलं, हे मला मैदानाकडे न बघताही कळायचं. जिंकलेले लोक घोळक्याने जातात, हरलेले एकेकटे जातात. आमच्या वांग्यांच्या वाफ्यात वाकलेली असतानाही मला कुंपणापलीकडच्या बुटांच्या आवाजावरून ते ओळखू यायचं, आणि बहुतेक वेळा तो आवाज एकेकट्या बुटांचाच असायचा.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. अमरावतीत मुलींची शाळा निघाली तेव्हा माझे वडील तिथल्या मास्तरांच्या घरी भाजी पोचवत, म्हणून मला शाळेत बसवलं गेलं. चौथी झाली आणि लग्न होऊन मी अकोल्याला आले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. त्यातून गोऱ्यांच्या खेळाबद्दल बाईमाणसाने बोलणं म्हणजे लोकांना हसायला एक कारण. तेव्हा जे डोक्यात साचलं आहे ते कागदावर ठेवते.

अमेरिकेत लढाई होती तेव्हा विलायतेला आमच्याच कापसाची गरज पडली आणि वऱ्हाडात जिकडेतिकडे कापूसच कापूस झाला. लढाई संपली, भाव उतरला, पण तोवर आगगाडी आली होती आणि तिच्या मागोमाग गाठी दाबायचे वाफेचे प्रेस आले होते. असाच एक प्रेस आमच्या मळ्याला लागून उभा राहिला. मध्ये एक मोकळी जागा होती. तेल्हाऱ्याकडून कापूस आणणाऱ्या बैलगाड्या तिथे सुटायच्या. शनिवारी दुपारी गाड्या बाजूला काढायच्या, दोन्हीकडे दोन-दोन बांबू रोवायचे आणि गोरे फुटबॉल खेळायचे. रविवारी ते चेंडूला शिवतही नसत. तो त्यांचा देवाचा वार.

प्रेसचा थोरला मिस्त्री तांबड्या मिशांचा होता. त्याला कोणी इंग्रज म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. आमचा मुलूख स्कॉटलंड, तो वेगळा, आमचे डोंगर वेगळे, असं तो हमालांनाही सांगायचा. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या प्रेसांत मिळून त्याच्या मुलखाची आठ-नऊ माणसं होती, आणि बडनेऱ्याला आगगाडीवर इंग्रज होते. हंगामात दोन-तीनदा त्यांची गाठ पडायची. मिस्त्रीने आपल्या लोकांसाठी रंगाऱ्याकडून निळीत बुडवून सदरे आणले होते. घाम आला की नीळ पायांवर ओघळायची. बाकी स्कॉटलंड मी पाहिलेलं नाही. माझं स्कॉटलंड म्हणजे एवढंच, ओघळत्या निळीचं.

तीन हंगाम मी त्यांचा खेळ पाहिला आणि माझी काही मतं झाली.

इंग्रजांचा खेळ सोपा होता. ज्याच्या पायाशी चेंडू तो एकटा पळणार आणि बाकीचे त्याच्यामागे मेंढरांसारखे धावणार. स्कॉटलंडवाले एकमेकांना द्यायचे. विहीर खणताना आम्ही बाया मातीचं घमेलं हातोहात वर देतो तसं. कोणी पळून दमत नाही आणि घमेलं मात्र वर पोचतं. मला ते बघायला आवडायचं. पण बांबूंजवळ गेल्यावरही ते देतच राहायचे. शेवटी चेंडू मारायचा कोणी, हे जणू त्यांचं ठरलेलंच नसायचं. त्यांच्यातला लांब दाढीचा कारकून सगळ्यात हुशार होता. मान न वळवता त्याला मागचा माणूस दिसायचा. पण दोनदा खाली पडला की तिसऱ्यांदा तो चेंडूजवळच जायचा नाही. अमरावतीहून येणारा उंच गोरा फक्त उजव्या पायाने मारायचा. हे इंग्रजांनाही माहीत झालं होतं, फक्त स्कॉटलंडला झालं नव्हतं. आणि मिस्त्री स्वतः. आपण मागे पडलो की त्याला राग यायचा आणि मग तो एकमेकांना द्यायचं विसरून इंग्रजांसारखा एकटाच सुटायचा. त्याच्यामागे सगळे पुढे जायचे. मागची जागा उघडी पडायची. दर खेपेला हेच. दर खेपेला मला वाटायचं, या वेळी नाही होणार.

माझे पती त्याच प्रेसमध्ये कापूस तुडवायला जात. गाठ दाबण्याआधी पेटीत कापूस भरतात आणि दोन-तीन माणसं आत उतरून तो पायांनी तुडवतात. आत तंतू असे उडतात की समोरचा माणूस दिसत नाही. दुसऱ्या हंगामात त्यांना खोकला लागला. वैद्याने छातीला कान लावला आणि सांगितलं की पेटीत आणखी दोन हंगाम काढले तर पुढचं मी काही बोलत नाही. इंजिनाच्या खोलीत तंतू नसतात. तिथे तेल घालायला एक माणूस घ्यायचा होता आणि तो मिस्त्रीच निवडणार होता. माझा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

एका शनिवारी चेंडू कुंपणावरून आमच्या वांग्यांत आला. ह्यांनी तो अनवाणी पायाने असा परत मारला की मैदानाच्या पार पलीकडच्या बांबूपर्यंत गेला. तुडवून तुडवून पाय तसे झाले होते. मिस्त्री कुंपणाशी येऊन त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत उभा राहिला. दोन माणसं तापाने पडली होती, गडी कमी होते. नाताळच्या सामन्यात ह्यांच्या अंगावर निळा सदरा आला. इंग्रजांनी कुरकुर केली तेव्हा मिस्त्री म्हणाला की माझ्या प्रेसमधला माणूस माझ्या बाजूचा. ह्यांनी इंजिनाचं विचारलं तर म्हणाला, सामना होऊ दे, मग बघू.

त्या सामन्यात काय झालं ते अकोल्यात पुष्कळ दिवस सांगितलं गेलं. खेळ बरोबरीत होता. आगगाडीचा एक दांडगा गार्ड चेंडू घेऊन आला, हे आडवे गेले आणि ह्यांचा पाय त्याच्या नडगीला लागला. चेंडू सुटून दोन हातांवर पडला होता. नुसता मारायचा होता. पण हे वाकले, गार्डच्या बुटाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. तेवढ्यात दुसऱ्या इंग्रजाने येऊन चेंडू बांबूंमधून काढला. इंग्रज पोट धरून हसले. एकाने तर जाताना दुसऱ्याला लाथ मारून त्याच्या पाया पडून दाखवलं.

परत येताना प्रेसचा मुकादम ह्यांच्याशेजारून चालत म्हणाला, "काहो, चेंडू गेला तं गेला, पुन्य तं भेटलं ना?"

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. चामड्याला लाथा मारून आलेला माणूस त्यांनी चुलीपर्यंत येऊ दिला नाही. विहिरीवर आंघोळ कर म्हणाल्या. मी पाणी शेंदून दिलं. निळं पाणी वाफ्यात गेलं. हे मान खाली घालून बसले होते.

"पाय लागला त्याले," ते म्हणाले. "मंग पाया नाई पडाचं?"

"पडा. पन खेळ संपल्यावर पडा. साऱ्याईच्या एकदाच."

"तवापर्यंत ध्यानात राहीन काय, कोनाकोनाले लागला ते?"

मला हसू आलं आणि लगेच खोकला ऐकून ते गेलं.

पुढचा सामना बडनेऱ्याला झाला. तो मी पाहिला नाही. पण आल्यावर ह्यांनी सांगितलं त्यावरून कळलं की आता ते कोणाला पाय लागू नये म्हणून प्रत्येकापासून हातभर लांब पळत होते. चोर समोरून जातो आणि राखणदार बाजूला होऊन वाट देतो, तसं ते झालं. स्कॉटलंड हरलं. मिस्त्री इंजिनाबद्दल बोललाच नाही.

होळीच्या आधी अकोल्यात शेवटचा सामना होता. मी दोन दिवस विचार केला. मग मळ्यात वांगी तोडताना ह्यांना बसवलं आणि मातीत वांगी मांडली. लांबट ती आपली, गोल ती इंग्रजांची. आपण उगाच ह्यांना माणसाच्या अंगावर पाठवतो, मी सांगितलं. चेंडू घेऊन येणाऱ्याला कारकुनाने अडवावं, तो पडला तरी चालेल, मागे कोणी आहे म्हटल्यावर तो पुन्हा उठेल. हे त्याच्या मागे, सगळ्यांच्या मागे, एकटे उभे राहतील. कारकुनाशी झटापट झाली की चेंडू मोकळा सुटतो. मोकळ्या चेंडूला पाय लागला तर कोणाच्या पाया पडायचं नाही.

"तुले काय समजते वं त्यातलं?"

"तीन साल पाहून राहिली मी."

त्यांनी सगळ्यांच्या मागचं ते लांबट वांगं बोटाने सरळ केलं. "आन् सायबाले काय सांगू? माही बायको म्हनते म्हनून?"

"तुमीच म्हनता म्हना."

त्यांनी तसंच सांगितलं. मिस्त्रीने आधी हात झटकला, मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून ह्यांना बोलावून पुन्हा विचारलं.

तो एकच सामना मी उभी राहून पाहिला, हातातलं काम सोडून. गार्ड यायचा, कारकून त्याला भिडायचा, चेंडू सुटायचा आणि हे तो पार मैदानाच्या टोकाला भिरकावायचे. पुन्हा पुन्हा. उंच गोऱ्याने एक चेंडू बांबूंमधून काढला, उजव्याच पायाने. शेवटी शेवटी मिस्त्रीला दम निघेना, तो सगळ्यांना घेऊन पुढे गेला आणि जे दर खेपेला व्हायचं तेच झालं. चेंडू सुटून गार्डकडे आला आणि मध्ये हे एकटे. कारकून कुठे नव्हता. हे पुढे झाले, पाय पायाला लागला, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. ह्यांचा हात खाली निघाला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी चेंडू मारला.

स्कॉटलंड जिंकलं. त्यांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. खाली उतरवल्यावर हे गार्डला शोधत गेले आणि त्याच्या पायांना हात लावून आले. या वेळी तो हसला नाही.

सोमवारी हे प्रेसवर गेले आणि पुन्हा पेटीत उतरले. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापूस. मी विचारलं. मग कळलं की मिस्त्री फार खूश होता. इतका खूश, की इंजिनावर त्याने दुसराच माणूस घेतला. तुझे पाय पेटीने केले आहेत, पेटी सोडशील तर पाय जातील, असं त्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं.

मी चुलीपुढे बसून राहिले. मला रागही आला नाही, एवढी मी थकले होते. वांगी मीच मांडली होती.

मिस्त्रीच्या बंगल्यावर भाजी मी पोचवायची. मागच्या दाराशी टोपली ठेवायची, त्याच्या स्वयंपाक्याने, बबर्जीने, मोकळी केली की उचलायची, तीन वर्षांत याहून जास्त काही नाही. दुसऱ्या दिवशी मी टोपली उचलली नाही. बबर्जीला म्हटलं, साहेबाला बोलव. त्याला वाटलं वांगी किडकी निघाली. मिस्त्री बाहेर आला. मी पदर पुढे ओढून भिंतीकडे बघत बोलले.

"सायेब, माह्या घरच्याले इंजनावर घ्या. नाईतर ते खेळाले येनार नाईत. मी येऊ देनार नाई."

बबर्जीने ते मऊ करून सांगितलं असावं. मिस्त्री आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "इंजन पर खड़ा रहेगा तो पाँव मर जाएगा."

"पायाचं मी पाहून घेईन. सांजच्याले मोट हाकतीन ते, बैलाईसंगं हिरीच्या धावेवर चढउतार करतीन. छातीचं मले पाहता येत नाई."

हे बबर्जीने कसं सांगितलं माहीत नाही. मग मिस्त्रीने एवढंच विचारलं, की पुढच्या नाताळात तो मागे उभा राहील ना. मी हो म्हणून मान हलवली.

महिन्याभराने ह्यांना इंजिनाच्या खोलीत घेतलं. अंगाला तेलाचा वास यायला लागला. सासूबाईंना तोही चालेना. पावसाळ्यापर्यंत खोकला उतरला. पूर्ण गेला नाही, पण झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं.

आणि मोटेचं मी जे बोलले होते ते केलं नाही. संध्याकाळी हे बैल जुंपायला उठले की मी म्हणायची, बसा, दिवसभर उभे असता. मोट मी आणि माझ्या दिराने हाकली. धावेच्या उतारावरून परत वर चढताना धाप लागते आणि मला ती धाप त्यांच्या छातीत नको होती. साहेबाला दिलेला शब्द मोडला, तो जाणूनबुजून.

नाताळात इंग्रज आले. हे ठरल्या जागी उभे राहिले, सगळ्यांच्या मागे. कारकून भिडला, चेंडू सुटला आणि हे निघाले. एक पाऊल कमी पडलं. फक्त एक, पण मला ते वाफ्यातून दिसलं. गार्ड आधी पोचला. असं दोनदा झालं. लोक म्हणाले, ह्याला आता खेळ चढला आहे, माजला आहे. मी वांगी तोडत राहिले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. निळे सदरे एकेकटे निघून गेले.

ह्यांना मी विहिरीवर पाणी दिलं. "एक पाऊल कमी पडलं," ते म्हणाले.

"पाह्यलं मी."

"मोट हाकाले पायजे होती."

मी दुसरी बादली शेंदली.

सोमवारी बंगल्यावर जाताना, मोटेचं विचारलं तर काय सांगायचं, ते उत्तर मी जुळवून ठेवलं होतं. मिस्त्री मागच्या ओसरीवरच बसला होता, सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत. तोही आता काही तरुण राहिला नव्हता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, मोटेचं काही विचारलं नाही, आणि पुन्हा गुडघ्याकडे वळला. मी टोपली मोकळी होईपर्यंत उभी राहिले.