देवी नाही, माझी पोर

माझी पोर डुलायची. बसल्या जागी पुढे-मागे, पुढे-मागे, आणि हात झटकायची. रांगायच्या आधीपासूनचं हे. त्यात देवीबिवी काही नव्हतं, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आमचं गाव कान्ह्याच्या जवळ. नवरा लोणावळ्याला रेल्वेच्या लोको शेडात, तो रविवारचा घरी यायचा. घरात राज्य चुलतसासूचं. नवऱ्याला लहानाचं मोठं तिनंच केलेलं, त्यामुळे तिच्यापुढे त्याचं तोंड उघडत नसे. पोर पाच वर्षांची असताना नवरात्रात चुलतसासू तिला देवळात घेऊन गेली. संबळ वाजायला लागला, गर्दी झाली, पोर भेदरली आणि जोरजोरात डुलायला लागली. कुणीतरी ओरडलं, "देवी आली गं बाय!" लगेच कपाळभर मळवट. एकीनं पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, माजा हरवल्याला बैल कवा गावंल?" पोर म्हणाली, "गावंल." ऐकलेला शेवटचा शब्द परत म्हणायची तिची सवयच होती. स्वतःहून तिला काही मागता यायचं नाही, भूक लागली तरी नाही. आणि तो मेला बैल नेमका कामशेतच्या बाजारात गावला!

झालं. दर मंगळवारी ओसरीवर बायांची रीघ. नारळ, खण, आणि तो संबळ. पोर घामाघूम व्हायची, भिंतीवर डोकं आपटायची, भिंतीला रक्त लागायचं. या हात जोडून बघत बसायच्या. "आईचा ख्योळ हाय," म्हणे. आग लागो त्या खेळाला! स्वतःच्या पोरीचं डोकं फुटलं असतं तर बसली असती का एक तरी अशी?

केसाला फणी लागली की पोर किंचाळायची. चुलतसासूनं त्याचाही अर्थ लावला. "आईला फणी चालत न्हाई. जट येऊ द्या. यंदाच्या अष्टमीला गळ्यात कवड्यांची माळ घालायची." ती माळ एकदा पडली की पोर जन्माची देवीची. लग्न नाही, संसार नाही, माझा हक्क नाही. नवरा खाली मान घालून म्हणाला, "काकी म्हंतीया तर..." मी म्हटलं, "मग काकीच्याच गळ्यात घाला की!" त्या रविवारी तो न जेवताच गेला. जाऊ दे म्हटलं.

मला वाट सापडली ती जात्यावर. मी दळायला बसले की पोर मांडीला चिकटून असायची. एकदा तिचे हात खुंट्यावर ठेवले आणि वरून माझे दाबून धरले. दगड जड. ओढायचा, लोटायचा. बघते तर हात झटकायचे थांबलेले, श्वास संथ. बाकीच्या बाया जात्यावर गातात, मी गात नसे, तिला आवाज सोसत नव्हता. आम्ही मायलेकी मुकाट दळायचो. मग माझ्या ध्यानात आलं, हिला अंगावर जड काहीतरी लागतं. डुलणं वाढलं की मी तिला घोंगडीत घट्ट गुंडाळून उराशी धरायला लागले. आधी दोन्ही तळव्यांनी डोकं दाबलं, तर ती फणीही फिरवू द्यायची. सगळा गुंता मी सोडवला. चुलतसासू थयथयाट करत म्हणाली, "जट मोडलीस? वाटुळं हुईल तुजं!" म्हटलं, "झालं तर माझं होईल, तुमचं काय जातंय?"

अष्टमीला मी ओढ्यावर धुणं धूत होते. संबळ ऐकला आणि धुणं तसंच टाकलं. घरी धावले, पोर नाही. घोंगडी उचलली आणि तशीच ओल्या लुगड्यानं देवळात गेले.

पोर मधोमध डुलत होती, डोळे पांढरे व्हायला आलेले. चुलतसासूच्या हातात माळ. मी पोरीवर घोंगडी टाकली, गुंडाळली आणि सगळ्या गावादेखत खाली बसून तिला आवळून धरलं. माळ माझ्या अंगावर पडली, ती मी भिरकावून दिली. संबळवाला आपोआप थांबला. हळूहळू पोरीचं डुलणं थांबलं.

"देवी घालवलीस रांडं!" चुलतसासू किंचाळली.

"व्हय, घालवली! आता कुणाला काय इचारायचं त्ये मला इचारा."

ती बैलवाली बाई, जी पोरीच्या पायावर लोळली होती, तीच म्हणाली, "येडीच हाय की ही. घरात कोंडून ठिवा."

मी पोरीला उचलली. हीच माणसं वर्षभर तिला बघून दुभंगून वाट द्यायची. आज एक जण हलला नाही. मी कोपरानं ढकलत, शिव्या देत, शिव्या खात बाहेर आले.

ओढ्यापाशी घोंगडीतून आवाज आला. कुणी काही बोललं नव्हतं, तरी आवाज आला.

"आई, दळू."