परशुरामदादांची चिंबोरी

सोमवारी सकाळी बेव्हर्ली पार्कमध्ये राहणाऱ्या यतीनने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गेमच्या जागी काशीनाथशेठना नेऊन बसवलं. नंतर त्याने दोष पेन ड्राइव्हला दिला, परशुरामदादांच्या कॉम्प्युटरला दिला, खाली हॉर्न वाजवणाऱ्या ऑफिसच्या बसलाही दिला. पण चित्र चढवायचं बटण त्यानेच दाबलं होतं, आणि दाबण्याआधी ते उघडून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

गेमचं नाव 'चिंबोरी'. एका खेकडीणबाईंची नांगी हरवते, आणि ती शोधत त्या खाडीभर हिंडतात, जाळी चुकवतात, होड्यांखालून निसटतात. गोष्ट एवढीच. पण तो कॉम्प्युटर गेम बनवता बनवता यतीनच्या सगळ्या सुट्ट्या, घरातलं जेवणाचं टेबल आणि बायकोच्या, म्हणजे रसिकाच्या, सहनशक्तीचा बराच मोठा तुकडा कामी आला होता. शेवटी परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानाने गेम विकायला घेतला. तिथली रीत अशी, की नवा माल आठवडाभर पुढच्या फळीवर, मग मागे. मागे गेलेलं काही कुणाला पुन्हा सापडत नाही. आणि यतीनने घरात कबूल करून टाकलं होतं, की या आठवड्यात चिंबोरी हलली नाही तर हा नाद कायमचा बंद. मग ऑफिस म्हणतंय ती हैदराबादची बदली घ्यायची.

त्याच दिवशी दुपारी रसिकाचा फोन आला.

"यतीन, तुझी खेकडीण कुठेय? इथे एक गृहस्थ मोबाइल कानाला लावून उभे आहेत."

ते होते गावचे पुढारी काशीनाथशेठ. काळा गॉगल, गळ्यात साखळ्या, मागे झेप घेणारा वाघ, आणि वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. काशीमिऱ्याच्या नाक्यावर लागायचा फ्लेक्स थेट सातासमुद्रापार लागला होता.

चूक घडली ती परशुरामदादांच्या दुकानात. दादा मूळचे काशीगावचे. तरुणपणी ट्रकच्या मागे कमळं आणि गरुड रंगवायचे, मग दुकानांच्या पाट्या. फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा इतर पेंटर कपाळाला हात लावून बसले. दादांनी ब्रश धुऊन माळ्यावर ठेवले आणि पुतण्याकडून माउस धरायला शिकले. आता नाक्यावरचे निम्मे वाढदिवस त्यांच्या हातचे असतात. गेमचं मुखपृष्ठ त्यांच्याकडूनच करून घ्यायचं हे यतीनने ठरवलं, कारण ओळखीत चित्र काढणारे तेवढेच होते. रविवारी तो चित्र घ्यायला गेला तेव्हा दादा शिडीवर होते. वरूनच म्हणाले, घे तुझं तू. कॉम्प्युटरवर सगळ्या फायलींची नावं 'फायनल' होती. यतीनने त्यातली एक फायनल घेतली.

संध्याकाळी तो धावत जाऊन खरं चित्र घेऊन आला आणि चढवलं. मग दोघं नवराबायको कॉम्प्युटरसमोर बसून फळी न्याहाळू लागली. तिथे प्रत्येक गेमला काड्यापेटीएवढी जागा. कुठे लाल गाडी, कुठे निळं भूत. आणि मधेच कुणीतरी पातळ भाजी सांडल्यासारखा एक डाग.

तो डाग म्हणजे चिंबोरी. मोठं करून बघितलं तर चित्रात काही म्हणजे काही कमी नव्हतं. वर 'श्री एकवीरा आई प्रसन्न'. त्याखाली सोनेरी, उठावाची, सावली पडणारी अक्षरं. सूर्य, चंद्र, पूल, जाळं, दोन होड्या, पापलेटांची रांग, तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून यतीनच्या आईवडिलांचे, सासूबाईंचे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचे गोल फोटो. या सगळ्यातून वाट काढत खेकडीण, आणि तिच्या डोक्यावर पिसारा फुलवलेला मोर.

मोराबद्दल यतीनने आधीच विचारलं होतं. दादा म्हणाले होते, तो फुकट हाय. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट आपल्याकडून द्यायची हा त्यांचा शिरस्ता. काशीनाथशेठना वाघ दिला होता.

बुधवारपर्यंत डागापाशी कुणी थांबलं नाही. गंमत म्हणजे काशीनाथशेठ होते त्या अर्ध्या दिवसात माणसं थांबली होती. एकाने तर गेम विकत घेऊन विचारणा केली होती, की हे सद्गृहस्थ कितव्या टप्प्यावर भेटतात.

"थांबणारच," रसिका म्हणाली. "एकटा माणूस, आणि सरळ आपल्याकडे बघतोय. तुझी खेकडीण मोराकडे बघतेय."

बुधवारी अर्धी रजा टाकून यतीन लॅपटॉप काखेत मारून काशीमिऱ्याला गेला. जाताना रिक्षात त्याने वाक्यं जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली. दादांच्या कामाला नाव ठेवणं म्हणजे त्यांनी प्रेमाने वाढलेलं ताट बाजूला सारणं. शेवटी काहीच न बोलता त्याने फळी उघडून समोर ठेवली.

दादांनी चष्मा लावला. काढला, पुसला, परत लावला. गाडीचं कौतुक केलं, भुताचं केलं. मग त्यांचं बोट डागावर येऊन थांबलं.

"ह्ये कोनाचं? बिचाऱ्याचा प्रिंट फाटलाय."

यतीनने डाग मोठा करून दाखवला. बाहेरून दोन ट्रक गेले. दादांनी हळूच बोट मागे घेतलं आणि पुतण्याला सांगून दोन चहा मागवले. चहा येईपर्यंत ते स्वतःशीच बोलत होते, की फ्लेक्सचा भाव फुटावर असतो, कोपरा रिकामा राहिला तर गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याचे कमी करा, आयुष्यात कुणी कधी सांगितलं नाही की परशुराम, यातलं काढ. सगळे घालच म्हणतात.

"मग काढू या थोडं?" यतीनने चाचरत विचारलं.

चहा संपवून दादा खुर्चीवर सरसावून बसले. आधी त्यांनी मोर काढला आणि क्षणभर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग सूर्य गेला, चंद्र गेला, पूल गेला, पापलेटं एकेक करून गेली. सेक्रेटरींना काढताना दोघांनाही फारसं वाईट वाटलं नाही. सासूबाईंपाशी आल्यावर दादांनी माउस यतीनकडे सरकवला.

"यांना तू काढ. उद्या घरी नाव माझं नको."

यतीनने डोळे मिटून सासूबाईंना काढलं. राहिली ती वरची एकवीरा आई. तिला हात लावायला दादा तयार नव्हते, आणि यतीनची म्हणायची छाती नव्हती. थोडा विचार करून दादांनी ती ओळ अलगद खाली आणली आणि चिंबोरीच्या पाठीमागे ठेवली, अशी की बाहेरून काही दिसू नये.

"आई पाठीशी असली म्हंजे झालं," ते म्हणाले. "दिसायला कशाला पायजे?"

मग ते चिंबोरीला भिडले. रसिकाचं म्हणणं यतीनने सांगितलं तसं त्यांनी तिला पडदाभर मोठी केली, समोर वळवली, देठांवरचे दोन्ही डोळे बघणाऱ्यावर रोखले. एक नांगी वर, दुसरीच्या जागी नुसतं थोटूक. मागे सपाट पिवळा रंग, खाली ठसठशीत एकच शब्द. गॉगलचा मोह त्यांना झाला होता. यतीनने हात जोडल्यावर त्यांनी तो आवरला.

आता दादांची नेहमीची परीक्षा. फ्लेक्स धावत्या ट्रकमधून वाचता आला पाहिजे, म्हणून ते कुठलंही काम रस्त्यापलीकडून बघितल्याशिवाय पास करत नसत. चित्र लॅपटॉपवर घेऊन तो दुकानाच्या फळीवर ठेवला आणि ते हायवे ओलांडून समोरच्या गॅरेजपाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्या अंतरावरून लॅपटॉप काड्यापेटीएवढाच दिसत असणार. मधून कंटेनर गेला, टँकर गेला, बस गेली. धूळ बसली तेव्हा पलीकडे दादांनी एक हात चिंबोरीसारखा वर केलेला होता, आणि गॅरेजवाला त्यांच्याकडे काळजीने बघत होता.

चित्र त्याच दुपारी चढलं. गुरुवारी माणसं थांबू लागली. शुक्रवारी विकत घेऊ लागली. कुणी लिहिलं, ही कोण एवढी रागाने बघतेय ते पाहायला आलो आणि अडकलो. रविवारी दुकानाने कळवलं, की चिंबोरीला आणखी एक आठवडा पुढच्याच फळीवर ठेवतोय. सोमवारी यतीनने साहेबांना हैदराबादसाठी नम्रपणे नाही म्हटलं, आणि सासूबाईंनीही चित्रातून गेल्याचं मोठ्या मनाने पचवलं.

पेढे घेऊन तो नाक्यावर गेला तेव्हा दादा कुणाच्या तरी वाढदिवसामागे धबधबा लावत होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला, दुसरा खिशात ठेवला. एवढी अचूक चिंबोरी काढणाऱ्या माणसाने गेम कुठपर्यंत खेळला, हे विचारल्याशिवाय यतीनला राहवेना.

"दादा, खरं सांगा, गेम खेळलात ना एकदा तरी?"

दादांनी धबधब्यावरची नजर काढली नाही.

"न्हाय, खेललो असतो तर त्यातलं सगलंच चित्रात घालत बसलो असतो."