उलट्या आट्यांचं झाकण

केरबाच्या मनात एखादी गोष्ट बसली की ती निघत नसे. अहमदपूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्याच्या गावच्या फाट्यालाच, चार बल्ल्या रोवून आणि वर पत्रे टाकून त्यानं ट्रकचं गॅरेज थाटलं होतं. इंजिन खोलायला तो नांदेडला शिकला, लेथही तिथंच शिकला. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी. ड्रायव्हर एकमेकांना सांगत, गाडी केरबाकडंच लावा, पण त्याच्या वाकड्यात शिरू नका.

किशनराव मात्र शिरला, आणि तोही घागरीवरून.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या नव्या, साहेब नवे, टँकरच्या पाठीवरचं उस्मानाबाद खोडून तिथं लातूर रंगवलेलं. दुष्काळ तेवढा जुनाच होता आणि घागरींची रांगही जुनीच. गावाला पाणी किशनरावाच्या टँकरचं. शंभर एकरांचा धनी, पण पाईप स्वतःच्या हातात धरायची भारी हौस. आधी सगळं गाव भरायचं आणि उरलंसुरलं केरबाच्या बौद्धवाड्याला. एका दुपारी केरबाची आई कोंडाबाई उन्हानं कासावीस झाली आणि तिनं आपली पितळी घागर जरा पुढं सरकवली. किशनरावानं बुटाच्या टाचेनं ती उडवली. म्हणाला, "म्हातारे, शिवाशिव इसरलीस का?" मग शेवटी तिच्या घागरीत टँकरच्या तळाचं तांबूस, गंजाचं पाणी आलं.

घागरीला मोठा पोचा पडला होता. केरबा म्हणाला, "आण, ठोकून सरळ करतो."

"ऱ्हाऊ दे तसाच," कोंडाबाई म्हणाली. "डोळ्याम्होरं ऱ्हाऊ दे."

लेकाला हा हट्ट कुठून आला, हे आता सांगायला नको. त्या दिवशी केरबानं मनाशी ठरवलं, की ह्या माणसानं आपल्या दारात यायचं आणि आईच्या ह्याच घागरीतलं पाणी मागून प्यायचं. मारामारी नको, कोर्टकचेरी नको, त्याला एवढंच हवं होतं.

त्या वर्षी दुष्काळी कामांचे रस्ते जिकडंतिकडं निघाले होते. मुरूम आणि खडीची धूळ इंजिनात जायची, ऑईल काळंकुट्ट व्हायचं आणि बेअरिंगा खाऊन टाकायचं. कंपनीचा फिल्टर पुरा पडेना. केरबानं त्यावर शक्कल काढली. ऑईलचा दाब दाखवणाऱ्या मीटरकडं जाणाऱ्या नळीला फाटा फोडून त्यानं थोडं ऑईल एका लोखंडी डब्यातून फिरवलं आणि गाळून परत इंजिनाखालच्या चेंबरमध्ये सोडलं. डब्यात आधी हदगावचा कापूस भरून पाहिला, पण त्याचे तंतू सुटून नळी तुंबली. मग त्यानं धनगराकडची जुनी घोंगडी आणली, डिझेलमध्ये धुतली आणि तिच्या गोल चकत्या कापून एकीवर एक दाबून बसवल्या. ऑईल असं निघालं की हातावर घेऊन बघावं. ट्रकवाले दुरून येऊ लागले.

किशनरावाच्या टँकरनं दुसऱ्यांदा बेअरिंग खाल्लं, तेव्हा त्याचा ड्रायव्हर संगप्पा गाडी घेऊन केरबाकडं आला. किशनराव स्वतः काही आला नाही. केरबानं मन लावून काम केलं. डबा बसवला, नळ्या जोडल्या, पण ह्या एका गाडीच्या झाकणाला लेथवर आटे पाडले ते उलटे. सोडायला जावं तर झाकण आवळत जाईल असे.

"घोंगडी बदलायची झाली की हितंच आण," त्यानं संगप्पाला बजावलं. "दुसऱ्याचा पाना लावू देऊ नको."

तुंबलेल्या घोंगडीसाठी आज ना उद्या किशनरावाला आपल्या दारात यावंच लागेल, असा त्याचा हिशोब होता. रात्रंदिवस तो मनातल्या मनात त्या घागरीकडं बघायचा आणि सुखावायचा. किशनरावाला मात्र केरबाच्या दारात गाडी लावणं कमीपणाचं वाटलं. भर मे महिन्यात घोंगडी तुंबली, तेव्हा तो स्वतः केबिनमध्ये बसला आणि रिकामा टँकर घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं झाकण सोडायला पाना लावला, ते आवळलं. पान्याला पाईप घालून जोर केला, आणखी आवळलं. शेवटी छन्नी-हातोडा घेतला आणि झाकणाला चीर पाडली. वरून साबण थापून त्यानं गाडी परत पाठवली. फाट्याच्या अलीकडं साबण सुटला, ऑईल रस्त्यावर सांडलं. संगप्पानं मीटरचा काटा पडताना पाहिला आणि इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं.

किशनराव भर उन्हात चालत केरबाच्या पत्र्याखाली आला, मागून चिरलेलं झाकण घेऊन संगप्पा. धोतर घामानं चिकटलेलं, ओठ सुकलेले.

"बसा मालक," केरबा म्हणाला. "नवं झाकण पाडावं लागंल. टाइम लागंल."

आणि त्यानं मुद्दाम टाइम लावला. पाना शोधला, ठेवला, पुन्हा शोधला. लेथचा पट्टा काढून परत चढवला. पाण्यावाचून फाट्यावरचं हॉटेल बंद पडलेलं. संगप्पानं कोपऱ्यात ठेवलेल्या कोंडाबाईच्या त्याच घागरीतून गिलासभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्याला. किशनराव बघत राहिला.

तेवढ्यात कोंडाबाई भाकरी घेऊन आली. "टँकर का आला न्हाई रं? सकाळधरनं बाया बसल्यात."

संगप्पा चिरलेलं झाकण हातात फिरवत होता. त्यानं ते एकदा सुलट फिरवलं, एकदा उलट. मग केरबाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ह्याचे आटे उलटे हायेत."

कोंडाबाई अडाणी असली तरी खुळी नव्हती. लेकाचा चेहरा बघून ती काय ते समजली. "म्हंजी माझ्या पोच्यापायी तू माझंच पाणी बंद केलंस?" तिनं विचारलं. "घागरीत तळाला हाय तेवढंच ऱ्हायलंय."

केरबाची मान खाली गेली. इतके दिवस जपलेल्या सुडात आईची रिकामी घागर त्याला एकदाही दिसली नव्हती, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

"केरबा," किशनराव घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जरा पाणी दे."

लाज वाटली म्हणून काय झालं, हात थांबला नाही. केरबानं उठून गिलास भरला आणि त्याच्यापुढं धरला. पण कोंडाबाईनं मध्येच तो गिलास त्याच्या हातातून काढून घेतला. पाणी परत घागरीत ओतलं, आणि पोचा पडलेली ती घागर दोन्ही हातांनी उचलली.

"ओंजळ करा, मालक."

किशनरावानं संगप्पाकडं पाहिलं. संगप्पानं रस्त्याकडं तोंड फिरवलं. फाट्यावर उन्हाशिवाय काही नव्हतं. मग शंभर एकरांचा तो धनी वाकला आणि त्यानं दोन्ही हात जोडून तोंडापाशी धरले. कोंडाबाईनं वरून धार धरली, घागर त्याच्या हातांना शिवायची नाही ह्या बेतानं. शेवटी शेवटी पाणी तांबूस येऊ लागलं, तसा तो थबकला.

"तळाचं हाय," ती म्हणाली. "तुमच्याच टँकरचं."

तो तेही प्याला. कोंडाबाईनं घागर उपडी करून शेवटचा थेंब झटकला आणि लेकाकडं वळली.

"आता त्या झाकणाचे आटे सरळ पाड. सांजच्याला गावात पाणी यायला पायजे, आन् आधी बौद्धवाड्यात. काय मालक?"

किशनरावानं ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि मान हलवली. केरबानं लेथ चालू केला.